पावलं मोजण्याआधी हात बघा!

इंटर-कॉलेजची मॅच. शेवटचं मिनिट. समोरच्या टीमचा गार्ड ड्रिबल करत आत घुसतो, बॉल उचलतो आणि लेअप मारतो. तुमच्या बाजूने एकच गिल्ला, ‘ट्रॅव्हल! तीन स्टेप्स!’ रेफरी मात्र गप्प. मग काय, ‘सेटिंग आहे’ इथपर्यंत मजल जाते.

पण दोस्तहो, एक सांगा. पावलं मोजायला तुम्ही सुरुवात कुठून केलीत?

सगळी गोम इथेच आहे. ‘फिबा’च्या नियमानुसार बॉलला दोन्ही हात एकाच वेळी लागले, किंवा बॉल हातात विसावला, की ड्रिबलिंग संपतं. त्या क्षणी जे पाऊल जमिनीवर असेल, ते मोजायचं नाही. त्यानंतरची दोन पावलं खेळाडूच्या हक्काची. २०१७च्या बदलापासून नियम असा आहे. म्हणजे गॅलरीतून दिसलेल्या ‘तीन स्टेप्स’ कित्येकदा चक्क कायदेशीर असतात.

‘कॅरी’चंही तेच. बॉल खांद्याच्या वर उसळला म्हणून कॅरी होत नाही. उंचीला मर्यादाच नाही. हात बॉलच्या खाली गेला, बॉल क्षणभर त्यात थांबला आणि तरीही ड्रिबलिंग सुरूच राहिलं, तर ती चूक. बॉल हाताला लागलेला नसताना तर कितीही पावलं टाका!

आता खरी अडचण. बॉल ‘विसावला’ हे ठरवायचं कसं? तो क्षण डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जातो. आपल्या मॅचला ना रिप्ले असतो, ना दुसरा अँगल. शिट्टी हातात असलेला मुलगा पुष्कळदा आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असतो. त्याची चूक होणारच.

म्हणून त्याच्याकडे अचूकपणा नाही, सारखेपणा मागा. पहिल्या मिनिटाला जे चाललं ते शेवटच्या मिनिटालाही चालावं. यजमान कॉलेजला जी सूट, तीच पाहुण्यांनाही. यात फरक दिसला, तर कॅप्टनने जरूर विचारावं. शांतपणे, नियमाच्या भाषेत.

आणि आयोजकांनो, उद्घाटनाच्या भाषणांतली दहा मिनिटं वाचवा. तेवढ्यात रेफरीला दोन्ही टीमसमोर उभं करा आणि तो काय पकडणार, काय सोडणार, हे आधीच सांगू द्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

उरलेली निम्मी आपल्या हातात. पुढच्या वेळी ओरडायच्या आधी पायांकडे नाही, हाताकडे बघा!