सिक लीव्ह? आधी कीटोन्स बघा!

सिक लीव्ह म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांघरूण, टीव्ही, आईच्या हातची गरमागरम पेज आणि बॉसला टाकलेला 'नॉट वेल'चा मेसेज. बस्स! पण ज्यांना टाइप वन डायबिटीस आहे, त्यांच्यासाठी सिक लीव्ह म्हणजे चक्क ड्युटी. तीही दर दोन-तीन तासांची, नाइट शिफ्टसकट!

त्यात घर निर्मळला असेल तर? तसं गाव एकदम मस्त. तळं, शंकराचार्यांचं मंदिर, आजूबाजूच्या वाड्या. दिवसभर लोकलमध्ये चेंगरून नालासोपाऱ्याला उतरायचं आणि बस किंवा रिक्षाने या शांततेत पोहोचायचं. फक्त पावसाळ्यात हीच शांतता महागात पडू शकते. १० जुलै २०१८ आठवतोय? नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचलं, वसई-विरारच्या लोकल बंद पडल्या आणि गाडीत अडकलेल्या प्रवाशांसाठी एनडीआरएफला यावं लागलं. अशा दिवशी 'बघू, जास्त वाटलं तर जाऊ हॉस्पिटलमध्ये' हा प्लॅन चालत नाही. गडबड होतेय, हे काही तास आधी कळायला हवं. तेच काम कीटोन टेस्ट करते.

आता हे कीटोन्स म्हणजे काय भानगड? ऑफिसमधले कीटो डाएटवाले ज्याबद्दल लंच टाइममध्ये लेक्चर देतात, तेच. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की कीटोन्स तयार होतात. डाएटवाल्यांच्या शरीरात इन्सुलिन असतं, ते या प्रकाराला लगाम घालतं. टाइप वनमध्ये तो लगाम बाहेरून, इंजेक्शनने घ्यावा लागतो. तो कमी पडला की रक्त आम्लधर्मी होत जातं. याला डायबेटिक कीटोअॅसिडोसिस म्हणतात आणि तो जिवावर बेतू शकतो.

निर्मळच्या जत्रेत दोन सुकेळी जास्त खाल्ली म्हणून चढलेली शुगर वेगळी आणि तापात चढलेली वेगळी. तापात शरीर स्ट्रेस हार्मोन्स सोडतं, लिव्हर साखर ओततं आणि पोटात अन्नाचा कण नसतानाही इन्सुलिनची गरज वाढते. म्हणूनच 'काही खाल्लंच नाही, मग इंजेक्शन कशाला?' हा घरातला प्रेमळ प्रश्न सगळ्यात डेंजरस! लाँग अॅक्टिंग इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही. जेवणाच्या वेळचा डोस किती कमी-जास्त करायचा, ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यायचं.

मग करायचं काय? शुगर दर दोन-तीन तासांनी तपासायची. ती २५०च्या वर गेली की कीटोन्सही बघायचे. उलट्या होत असतील तर शुगर नॉर्मल दिसली तरी बघायचे. लघवीची स्ट्रिप स्वस्त असते, पण ती काही तासांपूर्वीची बातमी देते. रक्ताची स्ट्रिप महाग, पण लाइव्ह! रक्तात ०.६च्या खाली असेल तर ठीक. ०.६ ते १.५ असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेला जादा डोस, भरपूर पाणी आणि दोन तासांनी पुन्हा टेस्ट. १.५च्या वर गेलं की लगेच डॉक्टरांना फोन. ३ म्हणजे इमर्जन्सी. पण पाऊस धो धो कोसळत असेल, तर १.५लाच बॅग भरून ठेवा. रस्ता तुमच्या ३ची वाट बघत थांबणार नाही!

दर तासाला थोडं थोडं पीत राहा. शुगर जास्त असेल तर पाणी, ताक, सूप. शुगर उतरत असेल तर शहाळं, सरबत किंवा पेज. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि भरभर चालत असेल, तोंडाला फळासारखा वास येत असेल किंवा गुंगी येत असेल, तर 'अॅसिडिटी असेल' म्हणत बसू नका. १०८ला फोन लावा आणि टाइप वन असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.

एक डबा जूनच्या आधीच भरून ठेवा. कीटोन स्ट्रिप्स (एक्स्पायरी बघून!), ग्लुकोमीटरच्या जादा स्ट्रिप्स, जादा इन्सुलिन, ओआरएस, थर्मामीटर, पॉवर बँक आणि डॉक्टरांचा तो कागद. इन्सुलिनची न उघडलेली पेनं मात्र फ्रिजमध्येच. वीज गेली तर ओल्या मातीच्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या डबीत.

आणि हो, हा डबा कुठे आहे आणि स्ट्रिप कशी वाचायची, हे घरातल्या आणखी एकाला शिकवून ठेवा. कारण ताप १०३ असताना रात्री तीनचा अलार्म तुम्हाला ऐकू येईलच असं नाही.