नजर समोर, लक्षही समोर!

गाडीच्या काचेवर वेगाचे आकडे उमटतात हे ऐकलं, की ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून नाक मुरडणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. मला मात्र ही सोय आपल्यासारख्यांच्याच जास्त कामाची वाटते.

हिचं नाव ‘हेड-अप डिस्प्ले’. मूळची ही लढाऊ विमानांतली युक्ती. डॅशबोर्डमधला छोटा प्रोजेक्टर समोरच्या काचेवर किंवा स्टिअरिंगपुढच्या लहानशा काचपट्टीवर आकडे पाडतो. २०२२ मध्ये मारुतीच्या नव्या बलेनोत ही सोय आली आणि ती मध्यमवर्गाच्या दारात पोचली.

उपयोग काय? साधा हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने मीटरकडे बघण्यात दोन सेकंद गेले, तर गाडी ३३ मीटर पुढे जाते. म्हणजे एकामागे एक उभ्या असलेल्या जवळजवळ तीन एसटी गाड्यांएवढं अंतर आपण न बघताच कापलं! तेवढ्यात समोर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली आली तर? शिवाय चाळिशीनंतर जवळचं पटकन दिसत नाही. काचेवरचे आकडे थोडे पुढे तरंगल्यासारखे दिसतात, त्यामुळे डोळ्यांना सोपं जातं.

पण नजर समोर असली म्हणजे लक्षही समोर असतं, असं थोडंच आहे? पोळ्या लाटताना आपण मनात महिन्याचा हिशेब करतोच ना! काही गाड्यांत फोन कुणाचा आला तेही याच काचेवर दिसतं. सासूबाईंचं नाव झळकलं, की रस्ता कसला दिसतोय! म्हणून तिथे वेग आणि वळणाची खूण, एवढंच ठेवावं. बाकी सगळं बंद.

ही सोय बहुधा वरच्या मॉडेलमध्ये मिळते. पैसे मोजकेच असतील तर आधी एअरबॅग पाहा, मग हे.

आणि मैत्रिणींनो, शोरूममध्ये गेल्यावर फक्त रंग निवडायचं काम अंगावर घेऊ नका. चालकाच्या सीटवर स्वतः बसा. आपल्या उंचीला आकडे नीट दिसतात का, भर उन्हात दिसतात का, गॉगल लावून दिसतात का, ते बघा. पोलराइज्ड गॉगलमधून ते पुसट होतात. गाडी आपण चालवणार असू, तर काचेवर काय दिसावं हेही आपणच ठरवायला हवं, नाही का?