लाखोळीवरचा आरोप

गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगड, देवरी, सडक अर्जुनीच्या धानपट्ट्यातील लाखोळीबद्दल दोन मते ठासून मांडली जातात. एक म्हणते, ही डाळ विष आहे. खाल्ली की पाय गेले. दुसरे म्हणते, आजे-पणजे खात आले, कुणाला काय झाले? लुळेपणाची आवई व्यापाऱ्यांनी उठवली.

आवईचा मुद्दा तर टिकतच नाही. सुश्रुतसंहितेत 'कलायखंज' या नावाने पायांचा विकार नोंदलेला आहे. १९४२-४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, युक्रेनमधील वाप्नियार्काच्या छळछावणीत ज्यू कैद्यांना रोज हेच धान्य मिळाले आणि शेकडोंचे पाय आखडले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा यांनी दोषी रसायन वेगळे काढले : ओडॅप.

ते काम कसे करते? दोन चेतापेशींच्या संधीवर एक पेशी ग्लुटामेट हे निरोप्या रसायन सोडते. पलीकडच्या पेशीच्या आवरणातील 'अॅम्पा' ग्राही प्रथिने ते पकडतात, क्षणभर उघडतात आणि मिटतात. उरलेले ग्लुटामेट वाहक प्रथिने उचलून नेतात. ओडॅपची घडण ग्लुटामेटसारखी. ते त्याच प्रथिनांना चिकटते आणि त्यांना वाजवीपेक्षा जास्त उत्तेजित करते. पेशीत कॅल्शियम शिरत राहते, ऊर्जेची यंत्रणा कोलमडते. पाय हलवणाऱ्या पेशी आधी बळी पडतात. स्मृती मात्र शाबूत राहते, आणि खाणे थांबले की हा आजार अल्झायमरप्रमाणे वाढत जात नाही. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत.

मग पहिले मत खरे? तेही नाही. नुसत्या ओडॅपने पाय जात असते, तर अख्खी झाडीपट्टी लंगडली असती. साथ येते ती दुष्काळात, महिनोन्‌महिने ताटात दुसरे काहीच नसताना. कारण पाणी आटले तरी हेच पीक तग धरते. पेशीचे रक्षण करणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले या डाळीत कमी, भातात त्यामानाने जास्त; म्हणून भातासोबत खाल्ली तर धोका कमी. रीवा-सतन्याकडे तर शेतमजुरांना मजुरी म्हणूनच हे धान्य मिळे. तिथे आरोपी डाळ की मजुरी?

१९६१ च्या विक्रीबंदीने हा प्रश्न विचारलाच नाही. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली, पण तोवर धानाच्या ओलीवर लाखोळी उगवतच राहिली. बंदीपेक्षा उपयोगी दोन गोष्टी होत्या : रतन, प्रतीक, महातिवडा यांसारखे कमी ओडॅपचे वाण शेतकऱ्याच्या हाती देणे, आणि डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकायला शिकवणे. शिवाय रेशनवर तूरडाळ.