अडकतो तो शाफ्ट नव्हे

घाटात ट्रक बंद पडला आणि मागची चाके जमिनीवर ठेवूनच तो ओढून न्यायचा असला, तर आधी मागचे एक्सल शाफ्ट काढावे लागतात. एक्सल शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा पोलादी दांडा. तो तसाच ठेवला तर चाकांबरोबर गिअरबॉक्सचे काही भाग फिरत राहतात. इंजिन बंद असल्याने त्यांना वंगण पुरेसे मिळत नाही आणि गिअरबॉक्स खराब होतो.

जड ट्रकमध्ये हा दांडा सहसा वजन पेलत नाही. ते काम बाहेरचे पोकळ हाऊसिंग आणि हबची बेअरिंगे करतात. म्हणून चाक न उतरवता, जॅकही न लावता शाफ्ट सरळ बाहेर ओढता येतो. निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात सगळे नट ढिले होतात आणि शाफ्ट जागचा हलत नाही. दांड्याच्या टोकाची चकती, म्हणजे फ्लँज, हबच्या स्टडवर बसते. अनेक ट्रकांत प्रत्येक स्टडभोवती एक चिरलेला छोटा शंकू असतो. नट आवळला की तो फ्लँजच्या निमुळत्या भोकात पाचरीसारखा रुततो. पावसाळ्यांचा गंज त्यावर चढला की नट निघाला तरी पाचर सुटत नाही. म्हणजे दांडा मोकळाच असतो, धरून ठेवलेले असते ते या शंकूंनी.

हे ठाऊक असलेला मिस्त्री नट पूर्ण काढत नाही, दोन-चार आट्यांवर ठेवतो. मग फ्लँजच्या मध्यभागी पितळी ठोकणी धरून हातोड्याचा एकच कडक घाव घालतो. फ्लँज दणाणते, शंकू उडी मारून नटाला टेकतात. नट नसते तर ते तोंडावर आले असते. ज्याला हे ठाऊक नाही तो फटीत छिन्नी घालतो. शाफ्ट निघतोही, पण गॅस्केटची बैठक खरवडली जाते आणि पुढे तिथून तेल झिरपत राहते. काही जण गॅसची ज्योत लावतात. ते तर थेट जिवावरचे, कारण हबच्या उष्णतेने हवा भरलेला टायर फुटू शकतो.

आमच्या मते मात्र खरी हयगय घाव घालण्याआधीच होते. एका बाजूचा शाफ्ट निघाला तरी गिअर गाडीला धरत नाही. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे असतो, तोही तेव्हा निकामी होतो. उतारावर हातोडा उचलण्यापूर्वी पाहायचे ते क्लीनरने चाकांना दगड लावले की नाहीत एवढेच.