घर बांधताना : जोत्याखालचे पाणी

नोकरीच्या निमित्ताने कोलकात्यास स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय गृहस्थांचे पत्र आमच्यासमोर आहे. निवृत्तीच्या वेळी हाती येणाऱ्या पैशातून शहराच्या दक्षिण भागात दोन कठ्ठे जागा घ्यावी आणि तीवर लहानसे दुमजली घर बांधावे, असा त्यांचा मानस आहे. जागा आसपासच्या जागांहून बरीच स्वस्त मिळत आहे. खोल्यांची मांडणी कशी असावी, एवढेच त्यांनी विचारले आहे. मांडणीविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु पत्रातील ‘स्वस्त’ या शब्दापाशी आम्ही थबकलो, आणि हा सारा लेख त्या एका शब्दाच्या पोटात शिरण्यात खर्ची पडला.

प्रथम मापाविषयी दोन शब्द. बंगालमध्ये घराची जागा कठ्ठ्यात मोजतात. सोळा छटाकांचा एक कठ्ठा व वीस कठ्ठ्यांचा एक बिघा. कठ्ठा म्हणजे ७२० चौरस फूट. आपला गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. तेव्हा दोन कठ्ठे म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडी अधिक जागा झाली. चौघांच्या कुटुंबास ती पुरे आहे. प्रश्न जागेच्या क्षेत्राचा नाही, तिच्या पूर्वेतिहासाचा आहे.

बंगालच्या सखल प्रदेशात घर आणि तळे ही जुळी भावंडे होत. पूर्वी घर बांधावयाचे झाल्यास कुटुंब आधी शेजारी एक तळे खणीत असे. त्यातून निघालेली माती घराच्या जागी टाकून, चोपून, उंच जोते तयार होई. पावसाळ्यात परिसर जलमय झाला तरी घर कोरडे राही, आणि छपरावरचे व अंगणातले पाणी त्या तळ्यात जाई. मासे, धुणीभांडी, आग विझवण्यास पाणी हे वरचे लाभ. या व्यवस्थेत मोठे शहाणपण होते. पुढे शहर वाढले, जमिनीचे मोल चढले आणि तळी राडारोडा टाकून बुजवली जाऊ लागली. त्या बुजलेल्या तळ्यांच्या पाठीवर भूखंड पडले, आणि असा भूखंड पुष्कळदा शेजारच्या भूखंडाहून स्वस्त मिळतो.

त्यात धोका काय, असे कोणी विचारील. कोलकात्याची जमीन ही नदीने आणून टाकलेल्या गाळाची जमीन आहे. वरचा सुमारे बारा ते पंधरा फुटांचा थर उन्हापावसाने वर्षानुवर्षे वाळून बऱ्यापैकी घट्ट झालेला असतो. त्याखाली मऊ, काळसर चिखलमातीचा जाड थर असून त्यात कुजलेले लाकूडही सापडते. एकोणिसाव्या शतकात सियालदह येथे तलाव खणताना सुंदरी वृक्षांचे बुंधे खोल जमिनीत उभे आढळले होते. म्हणजे आज जेथे रेल्वेचे मोठे स्थानक आहे, तेथे एके काळी सुंदरबनासारखे अरण्य होते. शहरातील साधी दुमजली घरे वरच्या घट्ट थराच्या आधारावर उभी असतात. मऊ थरापर्यंत त्यांचा भार फारसा पोहोचत नाही. तळे खणणाराने नेमका हाच घट्ट थर काढून नेलेला असतो. त्याच्या जागी पुढे विटांचे तुकडे, राख, केरकचरा आणि सैल माती आली. वरून पाहणारास सपाट मैदान दिसते. खाली मात्र आधार देणारे काहीच उरलेले नसते. त्यातही घराचा अर्धा भाग बुजलेल्या तळ्यावर व अर्धा मूळच्या काठावर आला, तर एक बाजू खचते, दुसरी खचत नाही, आणि घर कलते.

१४ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोलकात्यातील बाघाजतीन भागात विद्यासागर कॉलनीतील एक चार मजली इमारत शेजारच्या घराच्या दिशेने एकाएकी कलली. इमारत आधीच थोडी झुकलेली होती व जॅक लावून तिला सरळ करण्याचे काम चालू होते. रहिवासी त्यापूर्वीच अन्यत्र राहावयास गेले होते, म्हणून प्राणहानी झाली नाही. परंतु ज्या घरांत माणसांनी आयुष्याची बचत घातली होती, ती सारी इमारत पुढे पाडावी लागली. याच्या आधीच्या वर्षी, १७ मार्च २०२४ च्या रात्री, गार्डन रीच येथे परवानगीवाचून बांधली जात असलेली पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली व दहाहून अधिक माणसे दगावली. तेथे गेलेले जीव इमारतीच्या मालकांचे नव्हते. आपण कसे बांधतो, हा केवळ आपला घरगुती प्रश्न राहत नाही.

तेव्हा पत्रलेखक महाशयांनी खोल्यांचा विचार क्षणभर बाजूस ठेवावा आणि जागेचा पर्चा मिळवावा. आपल्याकडे जो मान सात-बाराच्या उताऱ्याचा, तोच तेथे पर्च्याचा. मौजा, खतियान व दाग क्रमांक यांबरोबर जमिनीचा वर्गही त्यात नोंदलेला असतो. ‘बास्तू’ म्हणजे राहत्या घराची जमीन, ‘शाली’ म्हणजे भातशेतीची, ‘पुकुर’ म्हणजे तळे आणि ‘डोबा’ म्हणजे डबके. शेवटचे दोन शब्द दिसताच व्यवहार तेथेच थांबवावा. पाच कठ्ठे वा त्याहून मोठे जलाशय बुजवण्यास पश्चिम बंगालच्या १९८४ च्या अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायद्यात पुढे घातलेल्या कलमान्वये मनाई आहे. नुसत्या चालू पर्च्यावर मात्र विसंबू नये. जुना पर्चाही पाहावा, कारण वर्ग मध्यंतरी बदललेला असू शकतो. याहूनही सोपा उपाय म्हणजे गल्लीतील सत्तरीच्या पुढच्या आजीबाईंस विचारणे. दलाल सांगणार नाही ते त्या सांगतील. लहानपणी आपण कोठे पोहत होतो, हे कोणी विसरत नाही.

एवढे करूनही जागा घ्यावयाचीच असेल, तर मातीची तपासणी करवावी. बोअर घेऊन निरनिराळ्या खोलीवरील मातीचे नमुने तपासण्याचा खर्च एकंदर खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ असतो. लोक तोच वाचवतात आणि मग बैठकीच्या खोलीस संगमरवर बसवतात. भराव असल्याचे आढळले तर पाया कसा घ्यावा — संपूर्ण घराखाली एकसंध तराफ्यासारखा, की खालच्या घट्ट थरापर्यंत जाणाऱ्या पाइलांवर — हे इंजिनिअरांनीच ठरवावे. तिकडे सालाच्या लाकडाच्या बल्ल्या जमिनीत ठोकून वर पाया घेण्याची रीत आहे. ती वाईट नाही. मात्र त्या बल्ल्या कायम भूजलाखाली राहावयास हव्यात. कधी ओल्या, कधी कोरड्या होणाऱ्या बल्ल्या कुजतात. या साऱ्याचा खर्च मांडून मग ती जागा स्वस्त ठरते की महाग, याचा हिशेब करावा.

आता जोत्याकडे वळू. कोलकात्यातील रस्त्यांवर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. जुना थर खरवडून काढला नाही तर रस्ता हळूहळू उंच होतो आणि घर आहे तेथेच राहते. चाळीस वर्षांपूर्वी रस्त्याहून दोन पायऱ्या वर असलेली अनेक घरे आज रस्त्याहून एक पायरी खाली आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार जोते भोवतालच्या जमिनीपासून निदान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असावे. आमच्या मते सखल भागात अडीच ते तीन फुटांखाली येऊच नये. दोन पायऱ्या अधिक चढाव्या लागतील, वृद्धांसाठी कठडा लावावा लागेल, एवढेच.

२०२५ च्या सप्टेंबरात, पूजेच्या तोंडावर, कोलकात्यात एका रात्रीत अडीचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडला. त्या वेळी जी माणसे दगावली, त्यांतील बहुतेक विजेच्या धक्क्याने दगावली. म्हणून तळमजल्यावरील विजेचा मीटर, मुख्य खटका व भिंतीतील सर्व जोडण्या छातीइतक्या उंचीवर घ्याव्यात आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे गळती-संरक्षक उपकरण अवश्य बसवावे. गृहिणींनी याबाबत आग्रह धरावा. पाणी घरात शिरले की ते उपसण्यास बहुधा त्याच पुढे होतात.

जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्यापूर्वी, काँक्रीटचा दीड इंच जाडीचा ओलरोधक थर अखंड घातला पाहिजे. वीट ही स्पंजासारखी असते. जमिनीतले पाणी ती वर ओढते. त्या पाण्याबरोबर क्षार येतात, भिंतीच्या पृष्ठभागी पाणी सुकते, क्षार तेथेच स्फटिकरूपाने राहतात आणि गिलावा भुगा होऊन पडू लागतो. यास आपण लोणा लागणे म्हणतो, बंगाली गवंडी ‘नोना’ म्हणतो. दुखणे एकच आणि शब्दही सख्खेच. ओलरोधक थर पाच-सहा तासांचे काम आहे. ते राहून गेले तर पुढे कोणताही रंग त्याची भरपाई करू शकत नाही.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. कोलकात्यास खडी झारखंडमधील पाकूडची चांगली मानतात. लालसर जाड वाळू दामोदर नदीची. गंगेची पांढरी बारीक वाळू भरावास ठीक, काँक्रीटास नाही. तिकडची वीट आपल्या विटेहून मोठी असल्यामुळे गवंडी ‘दहा इंची’ व ‘पाच इंची’ भिंत म्हणतो. ती आपली अनुक्रमे नऊ इंची व साडेचार इंची समजावी. स्लॅब घालण्याच्या दिवशी मात्र घरच्या एका माणसाने रजा काढून उभे राहावे व एकाच गोष्टीवर नजर ठेवावी : पाणी. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यास ३० लिटरांहून अधिक पाणी पडता कामा नये. मिश्रण पातळ असले की मजुरांचे काम हलके होते आणि स्लॅब कच्चा होतो. नंतर मात्र उलट : निदान दहा दिवस स्लॅबवर पाणी साचवून ठेवावे. ज्या पाण्यास मिश्रणात कमीत कमी जागा, त्यास घट्ट झालेल्या काँक्रीटवर जास्तीत जास्त. गच्चीस दर दहा फुटांस दीड इंच उतार द्यावा आणि पाणी उतरण्यास चार इंची नळ निदान दोन ठेवावेत. एकात पाने अडकली तर दुसरा चालू राहतो.

उत्तर कोलकात्यात ज्यांचे वडिलोपार्जित घर आहे, त्यांची अडचण निराळी आहे. या घरांच्या भिंती चुना आणि सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी, यांत बांधलेल्या आहेत. छत ‘कडी-बरगा’ पद्धतीचे : तुळया, त्यांवर आडव्या पट्ट्या, त्यांवर विटा, आणि वर विटांचा चुरा, सुर्खी व चुना सात-दोन-दोन या प्रमाणात घालून कित्येक दिवस लाकडी थापींनी बडवलेला थर. अशा गच्चीवर थाप मारणाऱ्या बायका गाणी म्हणत. चुन्याची भिंत ओल घेते, तशी ती सोडतेही. तिच्यावर लोणा दिसला की नातेवाईक सल्ला देतात, ‘सिमेंटचा गिलावा करून टाका.’ गिलावा दोन वर्षे सुरेख दिसतो. पण सिमेंटाचा दाट थर ओलीस बाहेर पडू देत नाही. मग ती आतल्या आत वर चढते, आणि गुडघ्याएवढा असलेला डाग खांद्यापर्यंत पोहोचतो. तुळईचे भिंतीत रुतलेले टोक लाकडाचे असेल तर कुजते, लोखंडाचे असेल तर गंजून फुगते. म्हणून अशा घरास चुन्याचाच गिलावा करावा. चुना काम करणारा कारागीर शोधण्यास वेळ लागतो, तो लावावा. सुटे झालेले सांधे आधी भरावे, नळाची गळती बंद करावी, भिंतीस टेकून टाकलेली माती हटवावी. एवढ्यानेच निम्मी ओल जाते. लाल सिमेंटच्या घोटीव जमिनीस भेग गेली म्हणून ती उखडू नये. तशी गुळगुळीत जमीन करणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

जुन्या घराच्या शेजारी खोदकाम सुरू होणार असेल तर मालकाने विशेष सावध असावे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बऊबाजारात मेट्रोच्या बोगद्यात भूजल घुसले. वरची माती त्याबरोबर खचली आणि दुर्गा पिथुरी गल्ली व आसपासची अनेक घरे तडकली, काही कोसळली. एवढे मोठे काम प्रत्येकाच्या शेजारी निघत नाही. पण शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणून पंपाने पाणी उपसले तरी आपल्या पायाखालची माती सैल होऊ शकते. काम सुरू होण्यापूर्वी घरातील प्रत्येक भेगेचे, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह छायाचित्र घ्यावे. मोठ्या भेगेवर पातळ काचेची पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके गिलाव्याने घट्ट बसवावी व त्यावर तारीख लिहावी. महिन्याभरात काच शाबूत राहिली तर भेग जुनी आहे. सांधा भरून रंग द्यावा. काच तडकली तर भिंत अजून हलत आहे. त्याच दिवशी इंजिनिअरांस बोलवावे आणि मुलांचे अंथरूण त्या खोलीतून हलवावे.