निवेदनानंतर काय? प्रस्ताव!

खर्डा म्हटले की इतिहासाच्या पुस्तकांना १७९५ची लढाई आठवते. आंबेडकरी चळवळीला आठवतो तो २८ एप्रिल २०१४चा दिवस. शिकणाऱ्या नितीन आगेचा त्या दिवशी खून झाला. पुढे अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. ते आवश्यकच होते. पण मोर्चा पांगल्यावर अशा गावांतल्या आमच्या मुलांसाठी काय उभे राहते? अभ्यासिका? वसतिगृह? साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहणारे कायदा केंद्र? या कामांना पैसा लागतो आणि पैसा प्रस्ताव मागतो.

आमचा कार्यकर्ता निवेदन झकास लिहितो. शेवटी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडू’ हे वाक्य ठरलेले! प्रस्ताव मात्र तो ग्रामसेवकावर किंवा ठेकेदारावर सोडतो. मग वस्तीला हवी असते अभ्यासिका आणि मंजूर होते ठेकेदाराला परवडणारे काँक्रीट.

बाबासाहेबांकडे पाहा. ऑक्टोबर १९४२मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन व्हाईसरॉयला सादर केले. नाव निवेदनाचे, पण आत नेमका प्रस्ताव होता. अलीगढ व बनारस विद्यापीठांना सरकार किती पैसा देते, हे त्यांनी दाखवले. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४४मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यांनी पदर पसरला नाही, हिशेब मांडला.

प्रस्तावात तरी काय असते? वस्तीत घरे किती, दहावीनंतर शिक्षण सुटलेली मुले-मुली किती, हे घरोघर जाऊन मोजलेले आकडे. काय करणार, कोण करणार, किती महिन्यांत करणार. बाबवार अंदाजपत्रक. वर्षाअखेरी काम झाले की नाही, हे कशावरून ओळखायचे. आणि निधी संपल्यावर दिवाबत्ती कोण भरणार. सरकारी योजनेसाठी ग्रामसभेचा ठराव जोडा, आवक-जावकची पोच घ्या, त्रुटी निघाली तर लेखी मागा. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आहे. पण हा पैसा घेणाऱ्या संस्थेला नोंदणी, लेखापरीक्षण आणि १२-अ, ८०-जीची कागदपत्रे लागतात. ती ऐनवेळी जमत नाहीत.

काही मित्र म्हणतील, प्रस्तावांच्या नादाने चळवळीची एनजीओ होईल. भीती खोटी नाही. निधी देणाऱ्याला आवडावे म्हणून ‘अत्याचार’ शब्द खोडून ‘सामाजिक तणाव’ लिहिणारे कमी नाहीत. अशा पैशाला नकारच द्यावा. आंदोलन मात्र वर्गणीवरच चालले पाहिजे. निधी अभ्यासिकेसाठी, लढा आपल्या खिशातून. ही रेघ स्पष्ट असली की धोका टळतो. आणि हिशेब वस्तीसमोर फळ्यावर लिहिला गेला पाहिजे.

आपले दुःख दयेच्या भाषेत विकू नका. हक्काच्या भाषेत मांडा. प्रत्येक तालुक्यातील शिकलेल्या पाच तरुणांनी, त्यात किमान दोन मुली असाव्यात, एकत्र बसून यंदा एक तरी प्रस्ताव स्वतः लिहावा. नामंजूर झाला तर कारण विचारून पुन्हा लिहावा. बाबासाहेबांनी सांगितलेल्या ‘शिका’चा हाही एक धडा आहे.