तांबडी शाई आणि छाटणीची कात्री

आमच्या शिक्षणखात्याला, आणि त्याहून अधिक आमच्या पालकवर्गाला, चुकीचे मोठे भय वाटते. वहीत चूक दिसली की तांबडी शाई धावलीच! गुण कापले, प्रकरण मिटले. चूक का झाली हे विचारावयास सवड कोणाला आहे?

पुण्याजवळच्या आमच्या मांजरीत १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. गावाचे नाव मिरवणारे 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' हे वाण तेथलेच. पण या गावातल्या किती मुलांनी कलमाचा चाकू हाती धरला आहे? 'कलमाचे प्रकार लिहा' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुले मात्र हवी तितकी सापडतील.

पाचरकलम पुस्तकात चार ओळींत संपते. खुंटाला चीर द्यावी, काडी पाचरीसारखी तासावी, बसवावी, बांधावी. परंतु दोहोंच्या सालीखालचा कोवळा थर एकमेकांस भिडला की नाही हे बोटालाच कळते, आणि पाचपंचवीस कलमे वाळल्यावाचून बोटालाही कळत नाही. छाटणी तर याहून अवघड. आपल्याकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर ज्या काड्या फुटतात, त्यांच्याच डोळ्यांत पुढचे घड दडलेले असतात. ऑक्टोबरात कितव्या डोळ्यावर कात्री चालवावी याचा अंदाज चुकला, तर वेल नुसता पाला देते. एवढी चोख तपासणी कोणता परीक्षक करील?

"पण वर्षाचे पीक शिकाऊ पोराच्या हाती कोण देईल?" असे कोणी विचारील. कोणीही देऊ नये! म्हणून तर शाळेच्या आवारात चार वेली केवळ चुकण्यासाठी लावावयास हव्यात.

कागदोपत्री आपण मागे नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला. त्या कार्यानुभवाचे झाले काय? आदल्या रात्री आईने करून दिलेली शोभेची वस्तू! तिच्यात चूक नसते, म्हणून तिला गुण. (शिकली असेल तर ती माउली.)

आता २०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस देऊ केले आहेत. ठीक. पण कलम जगले की वाळले हे दहा दिवसांत समजत नाही. त्यासाठी तीच मुले महिन्याभराने त्याच खुंटाजवळ पुन्हा न्यावी लागतील. त्या दिवसाची हजेरी कोणत्या रकान्यात मांडावयाची, तेवढे खात्याने आधी कळवावे.